सटवाजीची पडलेली ओळ

वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोरच्या चहावर साय धरू लागली होती, तेवढ्यात बाळूचा फोन आला. बाळू म्हणजे सटवाजीचा थोरला मुलगा. "काका, बा गेला. मेंढरं सोडली, मेंढवाड्याच्या दाराशी टेकला, अन् उठलाच न्हाई," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. पासष्ट वर्षांची दोस्ती असलेला माणूस गेल्यावर रडू यायला हवं. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि रागाबरोबर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता ती ओळ गेली. कोणती ओळ, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. आज याला सहा आठवडे होऊन गेले, पण राग काही उतरलेला नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

माती देऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागलेला पाहिला. 'ओवीसम्राट सटवाजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' सटवाजीचा फोटो रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेला, घाबरल्यासारखा, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला, हसरा फोटो आमच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, मंदिर समितीचे अध्यक्ष, आणि गावात कुठं चार खुर्च्या मांडल्या तर त्यांचेही अध्यक्ष. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण गावात त्यांना नावानं कोणी हाकच मारत नाही. गावाचंही नाव लिहीत नाही. डोंगरकडा या गावापासून आत जी गावं आहेत, त्यांतलंच एक समजा. लिहिलं तर गावाची बदनामी केली म्हणून आणखी एक अर्ज पडायचा, आणि आमच्याकडे अर्ज लिहिणाऱ्यांना तोटा नाही. ज्या माणसाला यांनी तीन वर्षं गावात तोंड उघडू दिलं नाही, तो मेल्याबरोबर सम्राट झाला. मेलेला माणूस गात नाही ना, म्हणून.

शोकसभाही झाली. अध्यक्ष म्हणाले, गावाचा आवाज हरपला. टाळ्या वाजल्या... शोकसभेत टाळ्या. मग माइक माझ्याकडे आला. "मास्तर त्याचे लहानपणाचे जोडीदार, दोन शब्द बोलतील." मी उठलो, माइकपुढं उभा राहिलो, घसा खाकरला, आणि "मला बोलवत नाही" असं सांगून खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं. शेजारच्यानं तर पाठीवर हातही फिरवला. गहिवर कसला आलाय. समोर अध्यक्ष बसले होते आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. हे माझं तिसऱ्यांदा झालं. पहिली दोन वेळा सांगतो, त्याआधी आमची जोडी कशी जमली ते सांगायला हवं.

सटवाजीचं घर मेंढपाळाचं, आमचं शेतकऱ्याचं. आमचं शेत गायरानाला लागून होतं, त्यामुळे शाळा सुटली की मी बैलांमागं आणि तो मेंढरांमागं, असे आम्ही एकाच बोरीखाली सापडायचो. त्याचा बाप ओव्या गायचा. धनगरी ओवी एकट्यानं गाता येत नाही. एक ओळ टाकतो आणि दुसरा ती उचलतो, म्हणजे तीच ओळ पुन्हा, थोड्या चढ्या आवाजात म्हणतो. त्याला झील देणं म्हणतात. तोवर गाणारा पुढची ओळ डोक्यात जुळवतो. काहीच आधी ठरलेलं नसतं. म्हातारा आम्हाला समोरासमोर बसवायचा नाही. घोंगडीवर सटवाजी उजवीकडं आणि मी डावीकडं, हातभर मागं. "झील देणाऱ्यानं गाणाऱ्याचं तोंड बघायचं न्हाई, त्याचा खांदा बघायचा," म्हणायचा. आणि एक नियम त्यानं आमच्या कानात ठोकून बसवला होता. टाकलेली ओळ उचलली गेली नाही, तर ती पडली. पडलेल्या ओळीच्या पुढं गायचं नाही. गाणाऱ्यानं स्वतः ती पुन्हा म्हणायची नाही. झील देणाऱ्यानं उचलली, तरच ओवी पुढं सरकायची. नाही तर तिथंच राहायची, दिवस उलटो की वर्ष उलटो. एकदा मला खोकल्याची उबळ आली आणि ओळ पडली, तर चार दिवसांनी बरा होऊन मी ती उचलली आणि सटवाजीनं पुढची ओळ अशी टाकली, की जणू मधे पाणी पिण्यापुरता थांबला होता.

पुढं मी मास्तर झालो, पंचक्रोशीतल्या शाळांतून फिरलो, पण जत्रेला झील द्यायला गावात यायचोच. सटवाजी चौथीत शाळेतून उठला होता. सही करायचा, त्यापुढं लिहिणं तो विसरून गेला होता. मी वही घेऊन बसलो की हसायचा. "लिहून ठिवलं की तू उचलायचं सोडशील मास्तर, वाचत बसशील." मी ऐकलं आणि वही मिटली. मुलांना आयुष्यभर शुद्धलेखन घालणारा मी, घरच्या एवढ्या मोठ्या कवीचं एक पान लिहून ठेवलं नाही. आणि कवी तो होताच. त्याच्या तावडीतून कोणी सुटायचं नाही. मी शाळेत उशिरा पोचतो यावर त्यानं जत्रेत ओवी केली, आणि ती मीच चढ्या आवाजात उचलली, कारण झील द्यायचा धर्म तो. त्या काळचे पाटील पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे. त्यांच्या विहिरीचं पाणी म्हाताऱ्या सासूच्या शिवीसारखं खारट लागतं, असं सटवाजीचा बाप त्यांच्या तोंडावर गायचा. पाटील खो खो हसायचे आणि उठून नारळ द्यायचे. ज्याच्यावर ओवी झाली त्यानं नारळ द्यायचा, ही आमच्या जत्रेची रीत. ते पाटील काही संत नव्हते, चांगले खमके होते. पण गाणाऱ्याला गाऊ देण्याइतकी त्यांची छाती होती. आताच्यांना फेटा बांधायला डोकं आहे, ऐकायला कान नाही.

मग ते गायरान. बोरीचं, मेंढरांचं, आमचं गायरान. एका वर्षी अध्यक्षांनी तिथं एक लहानसं देऊळ बांधलं. चांगली गोष्ट, कोणी नको म्हटलं नाही. सटवाजीनं स्वतः पायाला दगड वाहिले. मग देवळाला संरक्षण हवं म्हणून तार आली. तार देवळाभोवती हवी ना? ती पार ओढ्यापर्यंत गेली. फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं. पावसाळा आला तसं तारेच्या आत नांगर फिरला आणि हळद लागली. देवाला हळद लागते हे मला मान्य आहे, पण एवढी? मेंढरं तारेला तोंड लावून उभी राहायची आणि सटवाजी त्यांना हाकत तीन कोसांवरच्या माळावर न्यायचा. ग्रामसभेत त्यानं एकदा विचारलं, "आमची जनावरं कुठं चारायची?" तर उत्तर मिळालं, देवाच्या कामात आडवा येऊन राहिलास का? त्यानंतर त्यानं ग्रामसभेत विचारायचं सोडलं. त्याची विचारायची जागा दुसरी होती.

जत्रेचा दुसरा दिवस, दुपारचे तीन. कुस्त्या संपल्या होत्या, मांडवात गर्दी होती, पहिल्या रांगेत खुर्च्यांवर अध्यक्ष आणि त्यांची माणसं. आम्ही घोंगडीवर बसलो. नमन झालं, देवाचं झालं, पावसापाण्याचं झालं. मग त्यानं झांजा हातात घट्ट धरल्या आणि टाकलं:

मेंढी पुसती मेंढक्याला, गायरान गेलं कुठं...

मी उचललं. मग दुसरी ओळ आली:

देवाभवती तार ओढली, देव कोंडला तिथं...

मी उचललं नाही. सांगायला सोपं जावं म्हणून घसा बसला होता असं म्हणू शकलो असतो, आतापर्यंत बऱ्याच जणांना म्हटलंही आहे. घसा उत्तम होता. माझी मुलगी सुनीता अध्यक्षांच्या शाळेत शिकवत होती आणि तिला कायम करायचा प्रस्ताव त्यांच्या सहीसाठी पडून होता. मी म्हाताऱ्याचा नियम मोडून खांद्याऐवजी समोर बघितलं, आणि अध्यक्ष सटवाजीकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. एवढंच झालं. कोणी धमकी दिली नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. सटवाजी थांबला. मोठी गर्दी वाट बघत राहिली. त्यानं मान न वळवता हलक्या आवाजात म्हटलं, "मास्तर." एकदाच. मग झांजा खाली ठेवल्या, उठला, माझ्या खालची घोंगडी ओढायची वेळ येऊ नये म्हणून मी उठेपर्यंत उभा राहिला, घोंगडीची घडी घातली आणि मांडवातून निघून गेला.

कोणीतरी मोबाइलवर काढलं होतं. त्यात या दोनच ओळी आणि मग सगळं गप्प. संध्याकाळपर्यंत ते कळमनुरीपर्यंत पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी भावना दुखावल्याचा अर्ज पडला. देव कोंडला म्हणणं हा देवाचा अपमान. देव कोंडणं हा अपमान नाही, लक्षात घ्या. कोंडला म्हणणं हा अपमान. अर्जावर सह्या करणाऱ्यांत निम्मे लोक असे, की ज्यांची स्वतःची शेळ्या-मेंढरं त्या तारेपाशी उपाशी उभी होती. त्यांच्या भावना दुखतात, जनावरांचं पोट दुखत नाही. असू द्या.

ठाण्यात आम्हाला बोलावलं. फौजदार तरुण होता आणि माणूस भला होता. त्याला गाण्यातलं कळत होतं. तो म्हणाला, "बाबा, ही तर अर्धीच ओवी दिसते. पुढं काय आहे ते सांगा. पुढं देवाची विनवणी असेल, माफी असेल, काहीही असेल. मी तेवढं लिहून घेतो, प्रकरण मिटवू."

सटवाजी म्हणाला, "ओळ पडली हाय साहेब. उचलल्याबिगर पुढची देता येत न्हाई."

"पण तुम्हाला माहीत तर आहे ना पुढची?"

"व्हय. तवाच जुळली व्हती."

"मग कोण उचलणार?"

सटवाजीनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघत होता, बोरीखाली बघायचा तसा, माझा खोकला थांबायची वाट बघितल्यासारखा. सहा शब्दांची ओळ. बंद खोली, फौजदार आमच्या बाजूचा, अध्यक्ष तिथं नव्हतेही... फक्त त्यांचा एक माणूस दाराशी उभा होता. मी टेबलावरचा पेला उचलला आणि पाणी प्यालो. फौजदारानं उसासा सोडून कोरा कागद पुढं केला. यापुढं सार्वजनिक ठिकाणी गाणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. सटवाजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ते कुणी लिहिलं? मी. माझ्या घोटीव, वळणदार, बक्षीस मिळवलेल्या अक्षरात. खाली त्यानं सही केली. आयुष्यभर मी त्याची एक ओवी कागदावर घेतली नाही, आणि घेतलं ते हे.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला आणि एकदाही गायला नाही. जत्रेत नाही, बारशात नाही, मेंढरांमागं एकटा असतानाही नाही. लोक म्हणतात, त्याला कागदाची भीती बसली. खोटं आहे. गाण्यावर बंदी घालणाऱ्यांना वाटतं त्यांच्या कागदानं माणूस गप्प होतो. सटवाजी कागदाला भीक घालणारा नव्हता. त्याची ओळ पडलेली होती आणि पुढं जायचा रस्ता माझ्या तोंडातून जात होता. पण त्यानं मला कधी बोल लावला नाही, बोलणंही बंद केलं नाही. रस्त्यात भेटला की विचारायचा, "सुनीता कायम झाली का रे?" सगळं ओळखून होता. ती कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन त्याच्या वाड्यावर गेलो. त्यानं एक पेढा घेतला, सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "गोड हाय. लेकराचं बराबर झालं, बास झालं." त्यानं त्या दिवशी मला शिवी दिली असती, तर मी कदाचित तिथंच ती ओळ उचलली असती. नंतर उचलू, म्हातारा काय कुठं पळून चाललाय, असं म्हणत मी तीन वर्षं काढली.

आणि आता सगळ्यांना ती तिसरी ओळ हवी आहे. एक प्राध्यापक गाडी करून येऊन गेले, रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्यापुढं ठेवलं. पोरं मोबाइल घेऊन येतात. शोकसभेनंतर खुद्द अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तर, पुढं नेमकं काय होतं हो? आमच्याविषयी होतं का?" तीन वर्षं त्यांना झोप लागत नसणार, एवढाच काय तो माझा आनंद. मी कौसावहिनींना विचारायला गेलो. सटवाजीची बायको, सहा दशकं त्याच्या बोलण्यात राहिलेली बाई; तिला तरी कधी म्हणून दाखवली असेल. त्या शेळीला पाला टाकत होत्या. "मला काहून विचारून राहिले मास्तर?" म्हणाल्या. "आमच्या म्होरं त्यो कवा पुढची म्हनला न्हाई. झील तुमची व्हती."

हा लेख इथवर लिहून झाला तेव्हा आधी सुनीताला वाचून दाखवला. म्हटलं, तुझी नोकरी आहे, तुझं नाव गाळू का? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तेव्हा मला विचारून गप्प बसला होतात का?" मी हातातले कागद खाली ठेवले. "मग आता मला विचारून बोलू नका. नाव राहू द्या," म्हणाली आणि आत गेली. तिचा आवाज चिडलेला होता. आजतागायत ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिच्या कायम होण्याचे पेढे कशाच्या बदल्यात आले होते, ते तिला हा लेख ऐकूनच कळलं.

ज्या पेपरच्या पुरवणीला हा लेख पाठवला, तिच्या संपादकांचाही फोन आला होता. त्या दोन ओळी गाळून लेख छापता येईल का, असं त्यांनी अगदी अदबीनं विचारलं. नाही येणार. आमच्या रीतीत झील देणारा ओळ उचलतो तेव्हा ती त्याच्याही तोंडची होते. तेव्हा वर छापल्यात त्या दोन्ही ओळी आता माझ्या आहेत. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर अर्ज माझ्या नावानं करा. कागद मीच लिहून देईन, अक्षर चांगलं आहे.

परवा पुन्हा त्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. ओसरीवर त्याची घोंगडी होती, वहिनींनी ती अजून कुणाला दिलेली नाही, की पेटीतही टाकलेली नाही. मी ती अंथरली. उजवी बाजू मोकळी ठेवली आणि डावीकडं, हातभर मागं बसलो. वहिनी दाराशी तूर निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. मी आवाज चढवला आणि म्हटलं, देवाभवती तार ओढली, देव कोंडला तिथं... या वयातही स्वर बरोबर लागला. शेजारची दोन माणसं अंगणात येऊन उभी राहिली. वाड्यातली मेंढरं ओरडत होती ती ओरडत राहिली. ओळ उचलून झाली होती, आता पुढची त्यानं टाकायची होती. मी खांदा असतो तिथं बघत बसलो.

बऱ्याच वेळानं वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.